खुणांनी बोलणारं घर

जिंतूरला आमच्या गल्लीत कोणी पुण्याला जाऊन आलं की त्याची उलटतपासणी होते. शनिवारवाडा पाहिला का, सारसबागेत गेलात का, बाकरवडी आणली का. मी यंदाच्या उन्हाळ्यात सव्वा महिना राहून आले आणि बाकरवडी सोडली तर यातलं काहीच केलं नाही. तीही निगडीच्या बस स्टँडजवळ घेतलेली. शेजारच्या मंगलबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मग सव्वा महिना तुम्ही पाहिलं तरी काय?" तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. हे लिहायला बसले आहे ते त्यांच्यासाठी, आणि ज्यांची मुलं तिकडे कंपनीत आहेत पण ज्यांनी ते गाव पाहिलेलं नाही अशा सगळ्यांसाठी.

माझा मुलगा मिलिंद तेरा वर्षांपासून तिकडे आहे. चाकणला एका कारखान्यात मोठ्या प्रेसवर पत्रा दाबून मोटारींचे भाग करतात, तिथे तो ऑपरेटर आहे. सून उज्ज्वला चिंचवडला चष्म्याच्या दुकानात असते, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते. तनू आठ वर्षांची आणि सम्यक पाचचा. शाळेला सुट्टी लागली की या दोघांना सांभाळायचं कोणी, हा दरवर्षीचा घोर. यंदा मी निवृत्त होऊन मोकळी, म्हणून मला बोलावणं आलं.

खरं सांगायचं तर मी फार आनंदाने गेले नाही. गेली दोन वर्षं फोन केला की मिलिंद "हं, हं, बरंय" एवढं म्हणायचा आणि फोन उज्ज्वलाच्या हातात द्यायचा. मी काही विचारलं तर भलतंच उत्तर, नाहीतर "नंतर बोलू". त्याचे वडील गेल्यावर मी एकटीने त्याला वाढवलं, तेही जिल्हा परिषद शाळेत चौतीस वर्षं बाई म्हणून, म्हणजे कडक हाताने. मला वाटलं, पोरगा आता त्याचं उट्टं काढतोय. ही अढी पिशवीत नीट घडी घालून ठेवल्यासारखी बरोबर घेऊन मी गाडीत बसले.

निगडी

निगडीच्या प्राधिकरणात गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. पत्ता सांगताना माणसं गणिताच्या तासाला बसल्यासारखी बोलतात. रस्ते रुंद, झाडं ओळीत, बंगल्यांना फाटकं. मी मनात म्हटलं, वा, पोरानं नशीब काढलं. पण रिक्षा तिथे थांबलीच नाही. ती आणखी पुढे तळवड्याच्या रस्त्याला लागली, बंगले संपले, आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या तीनमजली इमारतींपुढे उभी राहिली. त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर यांच्या दोन खोल्या. इमारत ज्यांच्या शेतावर उभी राहिली ते मूळचे गावकरी तळमजल्याला राहतात. त्यांच्या घरातल्या गजराबाई माझ्याच वयाच्या. दुपारभर दारात बसून लसूण सोलत असतात.

दाराची घंटा दाबली तर वाजेना. मी दारावर थाप मारली. तनूने दार उघडलं, मला बघून तिचा चेहरा फुलला, पण तोंडातून आवाज नाही. तळहात कानावर ठेवून तिने मान कलती केली, मग आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. पप्पा झोपलेत.

मिलिंदची तेव्हा थर्ड शिफ्ट होती. रात्री कंपनीच्या बसने जायचं, सकाळी आठच्या सुमाराला परत यायचं आणि अंघोळ करून झोपायचं. आठवड्याने शिफ्ट बदलते, पुढच्या आठवड्यात सकाळची, मग दुपारची, मग पुन्हा रात्रीची. फ्रिजवर कॅलेंडर चिकटवलेलं, त्यावर तनूच्या अक्षरात एक, दोन, तीन लिहिलेलं. आमच्याकडे पोरं सणवार बघतात, ही पोरं पप्पांची झोप कोणत्या वेळेला आहे ते बघतात.

आणि घर सगळं खुणांनी बोलतं. मूठ पोटावर ठेवली की भूक लागली. दोन बोटं तळहातावर चालवली की खाली खेळायला जाऊ का. घंटेतली बॅटरी काढलेली. टीव्ही चालतो तो बिनआवाजाचा, खाली अक्षरं येतात ती तनू सम्यकला ओठ हलवून सांगते. ही सवय इतकी मुरलेली की मिलिंद जागा असला तरी पोरं हळूच बोलायची. जिंतूरला आम्ही अंगणातून गच्चीवरच्या माणसाशी बोलतो, आणि सांडगे वाळत घालताना चार घरांना ऐकू जाईल अशा गप्पा मारतो. मला पहिल्या दिवशी छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. पण शिस्तीचं मला कौतुकही वाटलं. वर्गात अशी पोरं मिळाली असती तर!

दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून घोटाळा झाला. सकाळचे दहा वाजलेले, उज्ज्वला कामावर निघालेली. मी चटणीसाठी शेंगदाणे मिक्सरमध्ये टाकले आणि बटण दाबलं. घरात जणू ट्रक शिरला. उज्ज्वला चपला घालता घालता धावत आली, तिने वायरच ओढून काढली. सम्यक भिंतीला चिकटून उभा. तनूचे डोळे पाण्याने भरले, पप्पा आता आजीला रागावतील म्हणून. आम्ही चौघं श्वास रोखून आतल्या दाराकडे बघत राहिलो.

मिलिंद उठला नाही. कूसही बदलली नाही त्याने.

"दमलेत हो फार," उज्ज्वला कुजबुजली. मग जाता जाता दारात तिने मला खुणेनेच जवळ बोलावलं. "आई, तुम्हाला म्हणून सांगते. या वर्षी परमनंटचं होणार आहे. नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली. पुढच्या महिन्यात मेडिकल आहे, मग यादी लागेल." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी माझी अढी दोन दिवस बाजूला ठेवली. परमनंट होणं म्हणजे काय हे आम्हा नोकरी केलेल्या माणसांना सांगावं लागत नाही.

गुरुवार

त्या भागात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्यामुळे या घराचा रविवार गुरुवारी येतो. तळवड्याच्या शेडमधली घरघर त्या दिवशी थांबते. उज्ज्वलाने दुकानात भांडून आपलीही सुट्टी गुरुवारची करून घेतली आहे. गुरुवारी मटण, गुरुवारी उशिरा उठणं, गुरुवारी फिरायला जाणं.

पहिल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही दुर्गा टेकडीवर गेलो. निगडीतली ही टेकडी झाडांनी भरलेली, चढायला सोपी. मिलिंद सम्यकला खांद्यावर घेऊन पुढे. वर पोचल्यावर वारं होतं. एकीकडे प्राधिकरणाच्या हिरव्या चौकोनी वाड्या, दुसरीकडे पत्र्यांच्या शेडच शेड. मिलिंद बोटाने दाखवत होता, "तिकडं भोसरी, तिकडं चाकण. आमची कंपनी त्या धुरकट पट्ट्याच्या पलीकडं." खूप दिवसांनी तो माझ्याशी इतकं बोलला. मला बरं वाटलं. डोक्यावरच्या झाडात एक बारीकसं पाखरू सारखं टिवटिवत होतं. मी म्हटलं, "कोणतं रे हे? आपल्याकडं नाही दिसत." तो माझ्या तोंडाकडे बघून हसला आणि म्हणाला, "हो ना."

एक गोष्ट मला त्या दिवशी फार आवडली, ती लिहून ठेवते. तनूला वडिलांना काही सांगायचं असलं की ती आधी त्यांच्या उजव्या बाजूला जायची, दंडाला हात लावायची, त्यांनी मान वळवली की मगच बोलायची. भेळ हवी असली तरी तसंच. केवढी रीत आहे पोरीला, असं मी उज्ज्वलाला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "कुणी शिकवलं नाही हो. आपोआपच करते." आम्ही दोघी कौतुकाने बघत राहिलो. एक चौतीस वर्षांच्या अनुभवाची मास्तरीण आणि एक लोकांची नजर तपासणारी. दोघींनाही काही दिसलं नाही.

देहूरोड

बुद्ध पौर्णिमेला मिलिंदने रजा टाकली. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून देहूरोडच्या जुन्या विहारात गेलो. हे विहार पाहायचं माझ्या मनात लहानपणापासून होतं. माझे वडील एकदा तिथे जाऊन आले होते आणि मरेपर्यंत त्याबद्दल सांगायचे. उन्हाचा कहर होता, पण लोक लांबून लांबून आलेले. लातूरकडचे, विदर्भातले, कारखान्यांमधून थेट शिफ्ट संपवून आलेले. कोणीही कोणाला जयभीम घालत होतं. एका ठिकाणी खीर वाटत होते. द्रोण हातात घेऊन मी सावलीला उभी राहिले तेव्हा डोळे आपोआप भरून आले. वडील असते तर, असं वाटलं.

वंदना सुरू झाली. आता मिलिंदचं सांगायला हवं. लहानपणी आमच्या विहारात वंदनेला त्यालाच पुढे उभं करायचे. गळा असा की म्हातारी माणसं म्हणायची, "मिलिंदला सांगा, आज तोच म्हणेल." त्रिसरण, पंचशील त्याच्या तोंडून ऐकताना मला माझ्या कडकपणाचा थोडा गर्वच वाटायचा. देहूरोडला तो माझ्या शेजारी हात जोडून उभा होता आणि मी त्याच्या आवाजाची वाट बघत होते.

आवाज आला, पण सगळ्यांच्या मागून. अर्धी ओळ मागे. मी वळून पाहिलं. त्याची नजर मूर्तीवर नव्हती. समोर तिरप्या उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या ओठांवर होती. ते ओठ हलले की याचे हलायचे. मग त्या माणसाने घाम पुसायला रुमाल तोंडावर धरला. तेवढ्यात वंदनेतला एक भाग संपला आणि सगळे थांबले. मिलिंद थांबला नाही. सगळीकडे शांत झालेलं असताना त्याचा एकट्याचा आवाज पुढची ओळ म्हणत राहिला, सुरात, पूर्ण ओळ.

चार माणसांनी मागे वळून पाहिलं. सम्यकला हसू फुटलं. उज्ज्वलाने मिलिंदच्या दंडाला हात लावला तेव्हा तो थांबला, कानापर्यंत लाल झाला आणि "चपला बघतो" म्हणून गर्दीतून निघून गेला. खिरीचा द्रोण माझ्या हातात तसाच राहिला. मिक्सर, पाखरू, फोनवरचं "हं, हं", दंडाला हात लावणारी तनू, सगळं एका क्षणात माझ्यापुढे येऊन उभं राहिलं.

घरी आल्यावर दुपारी खाली गजराबाईंजवळ जाऊन बसले आणि लसूण सोलता सोलता सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचे मालक कंपनीतच होते ना?"

"व्हय तर," त्या म्हणाल्या. "जमीन दिली तवा एकाला नोकरी दिली. चोवीस वर्सं काढली त्येंनी."

"त्यांचे कान कसे होते?"

गजराबाईंच्या हातातला लसूण थांबला. त्यांनी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. "मांडीवर नातू रडायचा तरी पत्ता नसायचा त्येंना. आमी म्हनायचो, मानूस घुमा झाला, घरात लक्ष न्हाई. भांडायचो की त्येंच्याशी. घुमा न्हाई वो बाई, भैरा झाला व्हता. आमाला कळाया लई उशीर झाला." पुढची पाकळी उचलत त्या म्हणाल्या, "तुमी लवकर आलाय. न्हाई म्हनू नगा, बोला त्येच्याशी."

तळेगाव

बोलायला पुढचा गुरुवार उजाडावा लागला. आकुर्डीहून लोकलने आम्ही तळेगावला गेलो. दुपारची लोकल निवांत होती. खिडकीतून लष्कराची हद्द, मग मोकळं माळरान, मग लांबवर मावळचे डोंगर दिसायला लागतात. तळेगाव अजून गाव वाटतं, जुन्या घरांच्या ओट्यावर माणसं बसलेली. बाजारात पानाच्या द्रोणात करवंदं विकायला होती. आमच्याकडे ही मिळत नाहीत. मी पहिलं खाल्लं तेव्हा चिकाने ओठ चिकटले आणि पोरं खूप हसली, अर्थात आवाज न करता.

तळ्याकाठी उज्ज्वला पोरांना घेऊन पुढे गेली. मी मिलिंदच्या डाव्या बाजूला बसले आणि हळू आवाजात, तळ्याकडे बघत म्हटलं, "मिलिंद, तुला मी काय म्हणते ते कळतंय का?"

तो करवंदं निवडत राहिला.

मी उठले, उजवीकडे जाऊन बसले, त्याच्या दंडाला हात लावला. त्याने मान वळवली. माझा चेहरा बघून त्याला कळलं असावं. द्रोण त्याने खाली ठेवला.

"थोडं कमी येतंय डाव्या कानानं," तो म्हणाला. "थोडंच. तू कशाला टेन्शन घ्यायलीस? कंपनीत दरवर्षी टेस्ट होते, तपासणीची गाडी येते. नॉर्मल आलंय. कागद आहे घरी."

"कानात घालायला काही देत नाहीत?"

"देतात की. पण ते घातलं की मशीन कळत नाही, आई. डाय म्हणजे साचा, तो नीट बसला नाही तर प्रेसचा आवाज बदलतो, एवढासा. चांगला ऑपरेटर कानानं मशीन चालवतो. माझ्या प्रेसवर माल रिजेक्ट होत नाही, सुपरवायझर नवीन पोरांना माझ्याकडं पाठवतो शिकायला." हे सांगताना त्याच्या आवाजात शाळेतल्या पहिल्या नंबराचा मिलिंद होता. मला गलबलून आलं. ज्या कानाने तो मोठा झाला, तोच त्याने तिथे देऊन टाकला होता.

"नॉर्मल आहे म्हणतोस ना," मी म्हटलं. "मग बाहेरच्या डॉक्टरला दाखवायला काय हरकत आहे?"

"मेडिकल झाल्यावर जाऊ."

"आधी जाऊ."

"आई, मागच्या वर्षी एकाला बाहेर काढला यादीतून. कानामुळंच. नऊ वर्षं झालीत मला."

मी शाळेतली बाई आहे, हट्ट सोडायची मला सवय नाही. परतीच्या लोकलमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि आकुर्डी आल्यावर म्हणाला, "बरं. पण उज्ज्वलाला सांगू नको."

चिंचवड

कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना चिंचवड गावठाणाच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर. मिलिंदची सकाळची शिफ्ट संपल्यावर आम्ही गेलो. तपासायची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेलं लहानसं कपाट. आत तो खुर्चीवर, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बाहेर एक तरुण मुलगी यंत्रापुढे. ती आवाज सोडते तेव्हा यंत्रावर एक दिवा लागतो, आतल्याने बटण दाबलं की दुसरा. तिने मला तिच्या मागच्या स्टुलावर बसू दिलं.

पहिला दिवा लागला की दुसरा लागत होता. पहिला, दुसरा. पहिला, दुसरा. माझा जीव भांड्यात पडू लागला. म्हटलं, आपणच उगाच रामायण केलं.

मग मी मिलिंदकडे पाहिलं. त्याचे डोळे त्या मुलीच्या कोपरावर होते. चौतीस वर्षं मी परीक्षा घेतल्या आहेत. पुढच्याच्या वहीत बघणारी नजर मला वर्गाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येते. ती आवाज सोडायला हात हलवायची, कोपर किंचित वर यायचं आणि मिलिंदचा अंगठा खाली जायचा.

मी गप्प बसू शकले असते. कोणालाही कळलं नसतं. त्याला नॉर्मलचा आणखी एक कागद मिळाला असता, परमनंटचं पत्र मिळालं असतं, उज्ज्वलाच्या चेहऱ्यावरचं ते मी पुन्हा बघितलं असतं. हे सगळं मला त्या स्टुलावर बसून स्पष्ट दिसत होतं.

मी म्हटलं, "ताई, त्याची खुर्ची भिंतीकडं वळवता का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती उठून आत गेली. काचेपलीकडून मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलले ते त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, पण त्याला कळलं. दहा वर्षांचा असताना एकदा मी त्याला भर वर्गात उभं केलं होतं तेव्हा त्याने असंच पाहिलं होतं. मग त्याने पाठ फिरवली.

पहिला दिवा लागला. दुसरा लागला नाही. पहिला लागला. पुन्हा लागला. पुन्हा. मिलिंदची पाठ ताठ होती, मान पुढे झुकलेली, सगळं अंग ऐकत होतं. अंगठा बटणावर तसाच थांबलेला. मी पदर तोंडात धरला.

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने कागदावरची उतरती रेघ दाखवली. डावा कान फार गेलेला, उजवा अर्ध्या वाटेवर. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं वाचवता येईल, त्या आवाजापासून लांब राहिलं तर. "बारीक आवाज आधी जातात," तो म्हणाला. "पाखरांचे, लहान मुलांचे."

जिन्यात मिलिंद पायरीवर बसला. "दोन वर्षं गाडीतल्या टेस्टला असाच पास झालो," तो म्हणाला. "आज बघायचं नाही असं ठरवून आलतो. डोळे गेलेच तिकडं." मग हातातल्या कागदाची घडी घालत म्हणाला, "तनू काय बोलते ते मला तिच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय कळत नाही, आई. सम्यकचा आवाज कसा आहे, मला नीट माहीत नाही."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. माणसं वाट काढून वर-खाली जात होती.

पुन्हा निगडी

तो कागद त्याने स्वतःच कंपनीत दिला. मी सांगितलं नव्हतं. सुपरवायझर चांगला निघाला. प्रेसवरून काढून त्याने मिलिंदला तपासणीच्या टेबलावर बसवलं, दुसऱ्या शेडमध्ये. तिथे गेज लावून तयार भाग मोजायचे असतात आणि आवाज कमी असतो. पण यादी लागली त्यात त्याचं नाव नव्हतं. पुढच्या वेळी बघू, असं सांगितलं म्हणे.

उज्ज्वलाला तेव्हा सगळं सांगावं लागलं. ती ओट्याला टेकून उभी होती. "आई, एक महिना थांबला असतात तर?" एवढंच म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. ती रडली नाही, भाजी चिरत राहिली. मग अचानक म्हणाली, "दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी." आणि सुरी ठेवून बाल्कनीत गेली.

मिलिंद दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही. उलट फोनवरच्या त्या दोन वर्षांचा जो राग मी बाळगला होता, त्याची लाज वाटत होती. एक गोष्ट तर मला झोप लागू देईना. ही पोरं इतके दिवस ज्याच्या झोपेसाठी तोंड मिटून राहिली, त्याला त्यांचा आवाज ऐकूच येत नव्हता. आणि घर सगळं खुणांनी बोलत होतं म्हणूनच तो बहिरा होतोय हे घरात कोणाला कळलं नाही.

माझ्या निघायच्या दिवशी सकाळी तो थर्ड शिफ्ट करून आला. माझी गाडी संध्याकाळची. अंघोळ झाली, न्याहारी झाली, तो आत गेला. तनूने रोजच्यासारखं दार ओढून घेतलं, सम्यककडे बघून तळहात कानावर ठेवला. दोघं चटईवर बसून रंगीत ठोकळे एकावर एक ठेवायला लागली, ठोकळा ठोकळ्यावर आपटू नये म्हणून मध्ये बोट धरून.

दार उघडलं. मिलिंद बनियनवर दारात उभा होता. पोरं दचकली. तनूने लगेच हात मागे घेतला, आपल्याकडून आवाज झाला असं तिला वाटलं.

"दार उघडंच राहू द्या," तो म्हणाला. "आणि गप्प बसू नका. बोला. मोठ्यानं बोला."

तो परत जाऊन पडला. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मोठ्याने बोला म्हणजे काय करायचं, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. सम्यकने विचारलं, तेही कुजबुजत, "आजी, काय बोलू?"

"काहीही बोल. तुझं नाव सांग."

त्याने सांगितलं, हळूच. मी म्हटलं, मला नाही ऐकू आलं. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तनू आत बघून आली आणि म्हणाली, "पप्पा जागे आहेत." मग सम्यक उठून उंबऱ्यात जाऊन उभा राहिला, दोन्ही मुठी आवळल्या आणि घसा फुटेस्तोवर ओरडला, "सम्यक मिलिंद वाघमारे!" खाली गजराबाईंनी "काय झालं वो?" म्हणून विचारलेलं मला वरपर्यंत ऐकू आलं.

तनूने ठोकळ्यांचा मनोरा धाडकन पाडला. मी घंटेत बॅटरी घातली, सम्यक ती बाहेर जाऊन वाजवत सुटला. उज्ज्वला कामावर निघायची थांबून दारातून हे बघत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकले आणि बटण दाबलं.

चटणी झाल्यावर मी आत डोकावले. मिलिंदला झोप लागली होती. रोज तो उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून झोपायचा. आज डावा कान उशीत होता आणि उजवा वर होता.